ऐकू आलं नाही? मग जागा रिकामी सोडा

हा भाग ऐकला नसेल तरी हे वाचा, आणि घरच्या ग्रुपवर टाका.

माझी मावशी अंबडला असते. अंगाला खाज सुटते म्हणून ती डॉक्टरांकडे गेली आणि येताना चिठ्ठी पावसात भिजली. डॉक्टरांनी व्हॉइस मेसेज पाठवला, पण मागे गाड्यांचा नुसता आवाज. तिने तो मला जालन्यात पाठवला, "काय म्हणतायत ते लिहून दे रे." मी स्पीच-टू-टेक्स्टमध्ये टाकला. आलं: हायड्रॅलाझीन 25 मिलिग्रॅम, रात्री एक.

मेडिकलवाल्याला पाठवणारच होतो, तेवढ्यात नाव शोधून बघितलं. हायड्रॅलाझीन ही बीपी कमी करणारी गोळी! खाजेवर देतात ती हायड्रॉक्सिझीन. दोन्ही 25 मिलिग्रॅममध्ये मिळतात, म्हणजे डोस बघून चूक कळलीच नसती. कळली, कारण गोळी कशासाठी आहे ते मला माहीत होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी स्पेलिंग सांगितलं आणि नव्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. हायड्रॉक्सिझीनच होती.

मशीन असं का करतं? आवाज अस्पष्ट असला की ते "कळलं नाही" म्हणत नाही. त्यातल्या त्यात जुळणारा शब्द ठोकून देतं, तोही अगदी आत्मविश्वासाने. म्हणून स्पष्ट दिसणारा शब्द बरोबर असेलच असं नाही. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा नियम साधा आहे: कळलं नाही तर अंदाज करायचा नाही. जागा रिकामी ठेवायची, ऑडिओची वेळ लिहायची आणि बोलणाऱ्यालाच विचारायचं.

मी आता हे चार प्रश्न विचारतो:

1. औषध कशासाठी? आजार आणि गोळी जुळत नसेल तर थांबा.

2. आकडा नक्की कोणता? इंग्रजीत फिफ्टीन-फिफ्टी, मराठीत सात-साठ. म्हणून "एक पाच" की "पाच शून्य" असं सुटं विचारा. लिहिताना 5.0 नको, टिंब पुसट झालं तर 50 होतात. आणि .5 नको, 0.5 लिहा.

3. मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, चूक थेट हजारपट.

4. रोज की आठवड्यातून एकदा? संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.

शेवटी सगळं डॉक्टरांना परत वाचून दाखवा. गोळ्या आणल्यावर पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव ताडून बघा, नुसता ब्रँड नको. 1 ऑगस्ट 2023 पासून देशातल्या 300 ठरावीक ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, बॅच, एक्सपायरी दिसते.

डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला. पण त्या दिवशी फोन केला नसता, तर रात्री मावशीने बीपीची गोळी घेतली असती.