रोजच्या उतारासाठी स्की किती रुंद?

आल्प्समधल्या रिसॉर्टमध्ये नेहमी स्कीइंग करणाऱ्याने एकच जोडी घ्यायची, तर आधी तिची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, पाहावी. सर्वोपयोगी ‘ऑल-माउंटन’ स्कीची कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटर असते. वळताना स्की तिरपी होते आणि भार एका कडेवर येतो. ही कड पावलाच्या मध्यरेषेपासून ८० मिलिमीटरच्या स्कीत ४०, तर १०० मिलिमीटरच्या स्कीत ५० मिलिमीटरवर असते. तरफेचा हात असा सव्वापट झाला, की कडक बर्फावर घोट्यावरचा आणि गुडघ्यावरचा ताण वाढतो. एका कडेवरून दुसरीवर जायलाही वेळ लागतो.

यावर आक्षेप असा, की ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद स्कीच चांगली तरंगते. ते खरे आहे. पण तरंगणे एकट्या कमरेवर नव्हे, स्कीच्या एकूण क्षेत्रफळावर अवलंबून असते; त्यात लांबी आणि टोकाची रुंदीही आली. टोकाला वर उचललेला बाक, म्हणजे ‘रॉकर’, असेल तर मध्यम रुंदीची स्कीही सहजी रुतत नाही. शिवाय रिसॉर्टमधले बहुतेक दिवस यंत्राने सपाट केलेल्या उतारांवरच जातात. म्हणून ८५ ते ९० मिलिमीटरची निवड शहाणपणाची. भरपूर हिमवर्षावाच्या दिवसापुरती रुंद जोडी भाड्याने घेता येते. गुडघ्यांवरचा ताण मात्र रोजचा असतो.