कालव्यातल्या बोटीला घाई का चालत नाही

कालव्यावर जायचे, एक लांबोडकी बोट भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर कुरणांतून, खेड्यांतून, जुन्या गिरण्यांच्या मागून ती स्वतः चालवत न्यायची, ही ब्रिटनमधली आवडती सहल आहे. ‘नॅरोबोट’ रुंदीला जेमतेम 2.1 मीटर, लांबीला मात्र 20 मीटरच्याही पुढे जाऊ शकते. आत स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणीघर सगळे एका ओळीत. वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे 6.4 किलोमीटर, आणि बहुतेक बोटी त्याहूनही हळू जातात. काठावरून भरभर चालणारा माणूस त्यांना सहज मागे टाकतो. या संथपणाचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. मला त्यामागचे विज्ञान अधिक ओढ लावते. बोटीचा हा वेग मुळात कालव्याच्या खोलीने ठरवला आहे.

आपल्याकडे कालवा म्हणजे मुठेचा किंवा नीरेचा, शेताला पाणी देणारा. त्याला बारीकसा उतार असतो, कारण पाणी वाहते राहायला हवे. बोटींच्या कालव्याला उतार नको असतो. बोटीला जाताना आणि येताना सारखेच कष्ट पडावेत, आणि मुश्किलीने साठवलेले पाणी वाहून जाऊ नये. म्हणून जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने समान उंचीची रेषा धरून, टेकड्यांना वळसे घालत कालवे आखले. 1761 मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा येऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. रस्त्यावर घोडा टन-दोन टन ओढी. पाण्यात तोच घोडा 25-30 टनांची बोट नेत असे. तळ गळू नये म्हणून चिकणमाती पाण्यात तुडवून तिचा थर द्यायचे. हा थर वाळला की तडकतो, त्यामुळे हे जुने कालवे कोरडे पडू देत नाहीत.

खोदाई हातांनी झाली, म्हणून कालवे अरुंद आणि उथळ राहिले. मधोमध फार तर दीड मीटर पाणी, कडांना त्याहून कमी. त्यात बोटीचा अर्धा-पाऊण मीटर भाग बुडालेला. पिचकारीतल्या दट्ट्यासारखी ती पाणी पुढे ढकलते, आणि पुढचे पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी व पोटाखालून मागे जाते. वाट अरुंद, म्हणून ते वेगाने जाते. वेग वाढला की दाब घटतो, बोटीच्या आजूबाजूची पातळी खाली जाते आणि बोटही खाली बसते. इंजिनाचा जोर वाढवला तर बोटीची मागची बाजू आणखी खचते, लाटा काठ पोखरतात, डिझेल जळते आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. काठाचे पाणी बोटीकडे ओढले जाताना दिसले, की जाणता चालक लगेच इंजिन हळू करतो.

याच उथळ पाण्याने विज्ञानाला एक मोठी देणगी दिली. 1834 मध्ये जॉन स्कॉट रसेल हा तरुण अभियंता एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर बोटींचे निरीक्षण करत होता. दोन घोड्यांनी ओढलेली एक बोट अचानक थांबली. तिच्या नाळेपाशी गोळा झालेले पाणी मात्र थांबले नाही. त्याचा एक गुळगुळीत, गोलसर उंचवटा झाला आणि तो एकटाच पुढे निघाला. सुमारे 9 मीटर लांब, फूट-दीड फूट उंच, आकार जराही न बिघडवता. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. ताशी 8-9 मैलांनी जाणारी ती लाट एक-दोन मैलांनंतर कालव्याच्या वळणांत हरवली.

नेहमीची लाट पसरत पसरत विरते. ही का विरली नाही? उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दीड मीटर खोलीला तो ताशी 14 किलोमीटरच्या आसपास येतो. लाटेच्या माथ्याखाली पाण्याची खोली जास्त असल्याने माथा पायथ्यापेक्षा जोरात पळतो आणि लाट पुढे झुकून मोडू पाहते. त्याच वेळी लाटेत मिसळलेल्या वेगवेगळ्या लांबीच्या लहरी निरनिराळ्या वेगाने जाऊन तिला पसरवू पाहतात. दोन्ही ओढी तंतोतंत तोलल्या गेल्या, की लाट जशीच्या तशी राहते. रसेलने टाकीत प्रयोग करून ती पुन्हा निर्माण केली, तरी एअरी आणि स्टोक्स यांच्यासारख्या दिग्गजांनी शंका काढल्या. 1895 मध्ये कोर्टेवेग आणि द व्रीस यांनी तिचे समीकरण मांडले. 1965 मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी अशा लाटांना ‘सॉलिटॉन’ नाव दिले. अशाच तोलाचे गणित आज प्रकाशतंतूंमधून जाणाऱ्या, न पसरणाऱ्या प्रकाशस्पंदांना लागू पडते. एका माणसाने पाण्याचा उंचवटा सोडून दिला नाही, त्याच्या मागे घोडा घातला, याचे मला फार अप्रूप वाटते.

समान उंचीची रेषा संपली की लॉक येते. दोन टोकांना दारे असलेली ही चिंचोळी हौदी. बोट आत घ्यायची, दार लावायचे, किल्लीने झडप उचलायची. पाणी भरते आणि बोट वर चढते. खालच्या दाराची दोन पाती वरच्या पाण्याकडे टोक करून इंग्रजी ‘व्ही’सारखी मिटतात, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. सहा चौरस मीटर दारावर पातळीत नुसता 5 सेंटिमीटरचा फरक असला, तरी 300 किलो वजनाइतका जोर पडतो. म्हणून दोन्हीकडचे पाणी सारखे होईपर्यंत दार हलत नाही. उतरताना एकच धोका नीट लक्षात ठेवावा: वरच्या दाराखाली एक दगडी पायरी असते. बोटीचे मागचे टोक तिच्यावर अडकले आणि पाणी उतरत राहिले, तर बोट बुडू शकते.

अरुंद लॉक एकदा भरायला साधारण एक लाख लिटर पाणी लागते. त्यात आर्किमिडीजचा एक सुंदर हिशेब आहे. 15 टनांची बोट वर गेली, की तिने अडवलेली जागा वरचे पाणी भरून काढते, म्हणजे 15,000 लिटर जास्त जातात; खाली आली, तर तितकेच कमी. हाच नियम स्कॉटलंडमधले बोटी उचलणारे फॉल्कर्क चाक वापरते. 2002 मध्ये सुरू झालेल्या या 35 मीटर उंच चाकाला समोरासमोर पाण्याचे दोन हौद आहेत. बोट आत आली, की तिच्या वजनाइतकेच पाणी बाहेर जाते, म्हणून हौद समतोल राहतात आणि 24 मीटर उंची चढवायला सुमारे दीड युनिट वीज पुरते.

एकच मार्ग निवडायचा तर मी वेल्समधला लँगॉलेन कालवा सांगेन. तिथे टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा 1805 सालचा पॉन्टकसिल्टे जलसेतू डी नदीवर सुमारे 38 मीटर उंचीवरून 307 मीटर जातो, आणि 2009 पासून तो जागतिक वारसा आहे. ओतीव लोखंडाच्या पन्हाळीत पायवाट पाण्यावर आलेली आहे. बोटीने ढकललेल्या पाण्याला तिच्याखालून मागे सरकायला जागा मिळावी, एवढा विचार तेव्हाच झाला होता.

भाड्याची बोट चालवायला तिथे परवाना लागत नाही, निघण्याआधी शिकवतात. उन्हाळा कोरडा गेला तर काही लॉक बंद ठेवली जातात, तेव्हा आधी चौकशी करावी. आणि खालून येताना लॉक भरलेले असेल व वरून दुसरी बोट येत असेल, तर ते रिकामे करू नका. तिला आधी उतरू द्या. एवढ्या थांबण्याने लाखभर लिटर पाणी वाचते.