नकाशावर आपला माग कुठे आहे?

पर्यटक कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने येणार, याचा अंदाज आता संगणकाच्या नकाशावर बांधता येतो. या पद्धतीला जीआयएस म्हणतात. रस्ते, वाहनतळ, पाणी, हॉटेले यांचे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि त्यावर वाहनांची मोजणी व तिकीटविक्रीचे आकडे मांडायचे. गर्दी कुठे तुंबेल ते आधीच दिसते.

वेरूळ-खुलताबादचेच पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे गाड्यांचा ओघ वारानुसार बदलतो. खुलताबादचा उरूस मात्र चांद्र तारखेने, दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. मागच्या वर्षीच्या इंग्रजी तारखेवर अंदाज बांधला, तर पाण्याचे टँकर चुकीच्या आठवड्यात येतील. म्हणून हिशेबात हिजरी तारीख हवीच.

आता तिजारतीची बाजू. अजिंठ्याला खासगी गाड्या सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूर फाट्यावर थांबतात. पुढे बसने जावे लागते. जिथे वाहनतळ, तिथे गिऱ्हाईक. औरंगाबादी हिमरूचा माग गल्लीत असतो. नकाशावर त्याची खूण नसेल, तर योजना आखणाऱ्याच्या लेखी तो नाहीच.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे आहे : दुकाने, माग, मुसाफिरखाने, वजूच्या पाण्याच्या जागा यांची पत्त्यासह यादी करा. ती नगरपालिकेला व पर्यटन खात्याला लेखी द्या, पोच घ्या. रस्ता झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आखणीच्या वेळी हजर राहणे केव्हाही स्वस्त.