समान घरांतलीं अक्षरें

वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत संगणकावर चालणाऱ्या यंत्रास दिलेल्या आज्ञा पडद्यावर पाहिल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानीं येते. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. म्हणून आंकड्याखालीं आंकडा नेमका बसतो. एखादें दशांशचिन्ह रांग सोडून सरकलें, तर तें तेव्हांच डोळ्यांत भरतें. लोखंडावर हत्यार चालावयाचें असतां ही सोय लहान नव्हे.

ह्या वळणाचें मूळ टंकयंत्रांत आहे. कळ दाबली कीं गाडा ठराविक अंतरच सरके. इंग्रजी 'आय' आणि 'एम' दोघांना सारखेंच घर. बारीक 'आय' त्या घरांत एकाकी दिसूं नये म्हणून त्यास आडवे, जाड पाय जोडीत, आणि 'एम' बिचारें अंग चोरून बसे. आय. बी. एम. साठीं हॉवर्ड केटलर यांनीं रेखिलेलें 'कूरियर' हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वळण. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें २००४ सालीं त्याचा त्याग केला. हॉलिवूडचे पटकथालेखक मात्र अद्याप त्यालाच धरून आहेत, कारण त्यांतील एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारें एक मिनिट, हा त्यांचा हिशेब ठरून गेला आहे.

देवनागरीला हा समतेचा कायदा जाचक ठरला. 'र' कोठें आणि 'क्ष' कोठें! रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रानें यावर काढलेली तोड आम्हांस मोठी चतुर वाटते. 'भ', 'ण', 'श' यांसारख्या अक्षरांची अर्धीच आकृति कळीवर ठेवली. शेवटच्या उभ्या रेघेसाठीं काना निराळा ठोकावयाचा. रुंद अक्षराला अशीं दोन घरें मिळालीं, आणि तीच अर्धी आकृति जोडाक्षरालाही उपयोगी पडली. मात्रेच्या कळीनें गाडा सरकतच नसे. ऱ्हस्व वेलांटी मात्र व्यंजनाच्या आधीं ठोकावी लागे. 'कि' म्हणावयाचें आणि वेलांटी आधीं काढावयाची, हें नवशिक्याच्या बोटांना बरेच दिवस पटत नसे.

गोदरेजनें १९५५ सालीं स्वदेशी टंकयंत्र काढलें आणि २००९ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें. परंतु त्या यंत्रांवर उमटलेलीं खरेदीखतें, वांटणीपत्रें आणि मृत्युपत्रें अनेक एकत्र कुटुंबांच्या कपाटांत अजून आहेत, आणि त्यांवर जमिनी व घरें अवलंबून आहेत. अशा कागदांत एक धोका असतो. घरें समान असल्यामुळें खोडलेल्या आंकड्याच्या जागीं दुसरा आंकडा बिनबोभाट बसतो. शेजारच्या अक्षरांना धक्का लागत नाहीं. यास्तव रक्कम अक्षरीं काय लिहिली आहे तें प्रथम वाचावें. मग कागद उजेडासमोर धरावा. जेथें खरवडलें असेल, तेथें तो पातळ दिसतो.