पातं लवायच्या आत लिलाव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातलं कुणीतरी मोबाइलवर 'देवगड हापूस घरपोच' असं टाइप करतं. उत्तरं दिसायला लागेपर्यंत एक लिलाव उरकलेला असतो. बोली लागल्या, क्रम ठरला, कुणी किती पैसे मोजायचे तेही ठरलं. आणि बोली लावणाऱ्यांपैकी एकही जण तिथे हजर नव्हता. त्यातला एखादा त्या वेळी देवगडात पेट्या भरत बसला असेल. दोन मिनिटांनी नाशिकमधून कुणी तेच शब्द टाइप केले, की लिलाव पुन्हा पहिल्यापासून! शोधाच्या पानावर 'प्रायोजित' अशी खूण असलेल्या त्या दोन-चार ओळींमागे हे अहोरात्र चालू असतं. इंटरनेटवरच्या नवलांमध्ये इतकं कमी कौतुक झालेलं दुसरं नवल मला तरी ठाऊक नाही.

आंबेवाल्याला लिलावाची नवलाई नाही. मुंबईच्या, आणि पुढे वाशीच्या, घाऊक बाजारात हापूसचा भाव रुमालाखाली ठरत आला. दलालाचा आणि खरेदीदाराचा हात कापडाखाली, बोटांच्या खुणा, आणि बागायतदाराच्या हाती नंतर येणारी हिशेबाची पट्टी. बोटांनी काय बोलणं केलं ते त्याला कळायचं नाही. या नव्या लिलावात मात्र तो स्वतः बोली लावतो, तीही मालावर नाही, गिऱ्हाइकाच्या एका टिचकीवर. 'माझ्या जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं तर मी जास्तीत जास्त इतके रुपये देईन.' नुसती दिसली आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, तर पैसे नाहीत.

मग ज्याचा खिसा खोल त्याचीच जाहिरात वर, असंच कुणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा, देशभर किराणा पोचवणारी एक बडी कंपनी एका क्लिकला ३० रुपये द्यायला तयार आहे. तिची जाहिरात गुळमुळीत: 'ताजी फळं, उत्तम दर.' शंभर जणांना दिसली तर दोघे टिचकी मारतात. आपल्या बागायतदाराची बोली १५ रुपये, म्हणजे निम्मीच. पण त्याने लिहिलंय, 'आमच्या देवगडच्या बागेतला हापूस, अढीत पिकवलेला, पुण्यात घरपोच.' शंभरातले सहा जण थांबतात. आता गुणाकार करा. कंपनीचे ३० गुणिले २, म्हणजे ६०. बागायतदाराचे १५ गुणिले ६, म्हणजे ९०. वरची जागा बागायतदाराची.

आणि तो १५ रुपये भरत नाही! त्याला फक्त कंपनीच्या ६० वर मात करायची आहे. ६० भागिले ६, म्हणजे १० रुपये आणि वर थोडे पैसे. उद्या त्याने जाहिरातीतले शब्द आणखी नेमके केले आणि शंभरातले आठ जण थांबायला लागले, तर तीच जागा साडेसात रुपयांच्या आसपास मिळेल. चांगलं वाक्य लिहिल्याबद्दल रोख सवलत देणारा दुसरा कुठला बाजार मी पाहिलेला नाही. (प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं आहे. जाहिरातीमागचं पान कसं आहे, शोधणारा कुठे आहे, वेळ कोणती, हे सगळं त्यात येतं. पण गाभा हाच.)

आपल्या बोलीपेक्षा कमी पैसे भरण्याची ही कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन कवी गटे आपल्याला माहीत असतो. त्याचं व्यवहारी डोकं फारसं कुणाला माहीत नसतं. १७९७ साली त्याने एका नव्या काव्याचं हस्तलिखित बर्लिनच्या फीवेग या प्रकाशकाला देऊ केलं. आपली किंमत एका चिठ्ठीत लिहून ती मोहोरबंद करून मध्यस्थाकडे ठेवली. प्रकाशकाने आपला आकडा सांगायचा. तो चिठ्ठीतल्यापेक्षा कमी निघाला तर सौदा रद्द. जास्त निघाला तर द्यायची ती चिठ्ठीतलीच रक्कम. म्हणजे खोटं बोलून प्रकाशकाचा काडीचा फायदा नाही. प्रकाशकाने आकडा सांगितला: १००० थालर. चिठ्ठी उघडली, तर आत नेमके १००० थालर! मध्यस्थाने आकडा आधीच फोडला होता.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हेच तत्त्व गणिताने मांडलं: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर मनातली खरी किंमत सांगणंच शहाणपणाचं. त्याबद्दल १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत तो वारला. शोधजाहिरातींचा पहिला लिलाव १९९८ मध्ये 'गोटू' नावाच्या अमेरिकी कंपनीने सुरू केला, पण तिथे आपली बोली आपणच पूर्ण भरायची असे. त्यामुळे बोलीवाले एकेका सेंटने वर चढत आणि परवडेनासं झालं की धाडकन खाली येत. २००२ मध्ये गूगलने दुसऱ्या बोलीचा नियम आणि टिचकीच्या शक्यतेचा गुणाकार एकत्र आणला. त्याआधी, २००० साली गूगलची जाहिरातसेवा सुरू झाली, तेव्हाच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत जिवंत लॉबस्टर टपालाने पाठवणारा एक छोटा धंदा होता. नाशवंत माल, दूरचं गिऱ्हाईक, मधे दुकान नाही. कोकणाला हे सांगायला नको.

पण मध्यस्थाकडे चिठ्ठी असते, हे गटेच्या गोष्टीतलं कलम विसरू नये. इथे सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच कंपनीकडे असतात. २०२३ मध्ये वॉशिंग्टनला चाललेल्या गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली, की जाहिरातदारांना न सांगता भाव कधी पाच, कधी दहा टक्क्यांपर्यंत वाढवले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने शोध आणि शोधजाहिरात या क्षेत्रांतली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली.

म्हणून हुशार बागायतदार या जाहिरातीकडे विक्री म्हणून पाहतच नाही. दहा रुपयांची टिचकी आणि पंचवीस टिचक्यांमागे एक पेटी जात असेल, तर त्या पेटीवर २५० रुपये चढले. हे दर वर्षी परवडणारं नाही. तो विकत घेतो गिऱ्हाइकाचा नंबर. पुढच्या मार्चमध्ये त्याच घरी व्हॉट्सॲपवर 'पहिली पेटी निघतेय' असा निरोप जातो, त्याला टिचकीचे पैसे पडत नाहीत. दरम्यान तो नको असलेल्या शब्दांची यादी वाढवत राहतो: 'हापूस रोपं', 'आमरस रेसिपी', 'आमराईतलं रिसॉर्ट'. हे शोधणाऱ्यांना जाहिरात दिसायलाच नको, नाहीतर टिचक्यांचे पैसे फुकट. मे सरत आला, भाव उतरले, की मोबाइलवरूनच जाहिरात बंद करतो आणि उरलेला बारका माल कॅनिंगला घालतो. तिथे भाव किलोवर, आणि वाक्य कसं लिहिलंय ते कुणी विचारत नाही.