लवचिक सळीची चार दशकं

मुलाच्या मांडीचं हाड मोडलं की पूर्वी उपाय ठरलेला असे: काही आठवडे ट्रॅक्शन, नाहीतर कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. मोठ्या माणसांच्या हाडाच्या पोकळीत जाड सळी ठोकायची पद्धत जर्मनीत गेर्हार्ड कुंचर यांनी १९३९ पासून रुजवली. मुलांना ती मानवत नव्हती. खुब्याजवळून सळी आत शिरताना हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणारी धमनी दुखावली, तर ते डोकंच मरतं.

वाट काढली फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी. १९८०च्या सुमारास मेतेझो, प्रेव्हो आणि सहकाऱ्यांनी दोन बारीक सळ्या वाकवून, वाढीची चकती टाळून, गुडघ्याच्या वरून आत सरकवल्या. धनुष्यासारख्या ताणलेल्या या सळ्या हाडाला आतून दोन्हीकडून रेटा देतात. मोडलेली जागा किंचित हलती राहते आणि त्यानेच नवं हाड लवकर धरतं. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात यालाच ‘टेन्स’ म्हणतात.

१९८८मध्ये या गटाने मांडीच्या १२३ फ्रॅक्चरचा हिशेब मांडला. हाडात जंतुसंसर्ग एकदाच झाला होता. पण तेरा मुलांच्या कातडीला सळीच्या टोकाने जखम केली होती. पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. सळी नंतर काढता यावी म्हणून तिचं टोक हाडाबाहेर ठेवावं लागतं. ते लांब राहिलं किंवा बाहेरच्या बाजूला वाकवलं, की गुडघ्याशी टणक उंचवटा येतो, पँट घासते, मूल पाय दुमडायलाच तयार होत नाही. फार आखूड कापलं, तर काढताना सापडत नाही. म्हणून टोक न वाकवता हाडालगत ठेवायची शिस्त आली. हाताच्या फ्रॅक्चरमध्ये हीच सळी घातली, तर धोका वेगळा: मनगटाच्या मागून घातलेल्या सळीच्या टोकावर घासून अंगठा उचलणारा स्नायुबंध तुटू शकतो.

पायाच्या बाबतीत खरा प्रश्न वजनाचा निघाला. २००६च्या एका अभ्यासात सहा केंद्रांतली २३४ फ्रॅक्चर तपासली; साधारण दहातला एक निकाल वाईट होता. अकरा वर्षं आणि त्यापुढची मुलं, तसंच ४९ किलोवरची मुलं त्यात ठळकपणे जास्त होती. भार न पेलून सळी वाकते, हाड तिरकं जुळतं किंवा आखूड होतं. २००८मध्ये महाग टायटॅनियमच चांगलं हा समजही ढासळला: हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण टायटॅनियमच्या सळ्यांत २३ टक्के, तर स्टीलच्या सळ्यांत ६ टक्के आढळलं.

या गुंतागुंतींनीच आजचे नियम घडवले. दोन्ही सळ्या सारख्याच जाडीच्या, प्रत्येक सळी पोकळीच्या सर्वांत अरुंद भागाच्या सुमारे चाळीस टक्के. जड, मोठ्या वयाच्या मुलांना प्लेट किंवा ती धमनी टाळून खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यातून घातलेली जाड सळी. धातूने फरक पडत असला, तरी बहुतेकदा निवड आणि हात चुकतो. म्हणून पालकांनी सळी कोणत्या कंपनीची हे विचारण्यापेक्षा, ती आमच्या मुलाचं वजन पेलेल का आणि कधी काढणार, हे आधी विचारावं.