भरारीमागचं बळ पंखांचं की हवेचं?

एप्रिलच्या दुपारी कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर मान वर केली की एखादी घार हमखास दिसते. पंख पसरलेले असतात, ती ते मारतही नाही, तरी वर वर चढत जाते. या भरारीबद्दल नगरकरांच्या मनात काही समज घट्ट बसलेले आहेत.

गैरसमज : जितकं उंच जायचं, तितके पंख जोरात मारावे लागतात.
वस्तुस्थिती : मुरमाड माळ आणि नांगरून पडलेली रानं उन्हात लवकर तापतात. ओलिताखालचा ऊस मागे राहतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उठते आणि घारीला उचलते. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली आणि दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी पिळलेली, एवढीच काय ती तिची हालचाल. म्हणूनच ती भल्या सकाळी झाडावर बसून ऊन चढायची वाट बघते. दक्षिण अमेरिकेतला एक कंडोर पंख न मारता पाच तासांहून अधिक काळ, सुमारे १७२ किलोमीटर उडाल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली.

गैरसमज : घार घिरट्या घालतेय, म्हणजे खाली काहीतरी मेलेलं आहे.
वस्तुस्थिती : वर चढणाऱ्या हवेचा पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडू नये म्हणून तिला गोल फिरावं लागतं. भक्ष्य दिसलंच असेल असं नाही.

गैरसमज : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, हा दैवी चमत्कार आहे.
वस्तुस्थिती : कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. याच वाऱ्यावर शिकारी पक्षी कड्याच्या काठाने तासन्‌तास तरंगतात.

गैरसमज : फार उंचावरून जाणारे सगळेच पक्षी असे तरंगत जातात.
वस्तुस्थिती : हिवाळ्यात नाथसागरावर येणारा पट्टकदंब हिमालय ओलांडतो तो मुख्यतः पंख मारत.

गैरसमज : घारीसारखीच तरंगणारी गिधाडं मोबाइलच्या टॉवरमुळे संपली.
वस्तुस्थिती : मुख्य कारण डायक्लोफेनॅक. हे वेदनाशामक दिलेलं जनावर लवकरच मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली.

तेव्हा गोठ्यातली गाय आजारी पडली, तर डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा. गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम मिळतं. माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक जनावराला टोचू देऊ नका, आणि उपचार चालू असताना जनावर दगावलं तर ते माळावर न टाकता पुरा.